ओपिनेल घ्यावा की हिगोनोकामी?

बटण नाही, स्प्रिंग नाही. एक पातं, एक मूठ आणि दोघांना धरून ठेवणारा खिळा. खिशात बाळगायला असा साधा मिटता चाकू शोधणारा माणूस फिरून फिरून बहुधा फ्रान्सचा ओपिनेल आणि जपानचा हिगोनोकामी या दोघांपाशीच येतो. माझ्याकडे दोन्ही आहेत. आधी सहा वर्षं ओपिनेल वापरला, आठ नंबरचा, कार्बन पोलादाचा. गेली तीन वर्षं खिशात हिगोनोकामी आहे.

फळं कापायची असतील तर ओपिनेलची बरोबरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याचं पातं धारेकडे इतकं पातळ होत जातं की पेरूची फोड पडल्याचं हाताला कळतही नाही. हिगोनोकामी पाचरीसारखा घुसतो. कैरी त्याने चिरण्यापेक्षा फुटते जास्त. शिवाय ओपिनेलला १९५५ पासून फिरतं कडं आहे. ते फिरवलं की पातं बोटांवर मिटायची भीती नाही. लाकडी मूठ हातात उबदार लागते, ते वेगळंच.

एवढं ऐकून तुम्ही ओपिनेल मागवाल आणि मे संपेपर्यंत सुखात राहाल.

ओपिनेलची मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची. ते पाणी धरतं, फुगतं आणि खाचेतलं पातं आवळून बसतं. हे फक्त आपल्या कोकणातच होतं असं नाही. फ्रान्सच्या ज्या सावोई भागात १८९० मध्ये हा चाकू जन्मला, तिथल्या लोकांनी यावर एक युक्तीच काढली आहे: मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, की पातं जरासं वर येतं. तिकडे भागत असेल. माझं जुलैत तीन ठोक्यांनी भागायचं, ऑगस्टमध्ये दहांनीही नाही. खोबरेल चोळलं, जवसाचं तेल मुरवलं, खाच पॉलिश पेपरने घासून रुंद केली, रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. (सकाळी तो डबा दुसऱ्याच कुणीतरी उघडला. त्यावर काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.) मग एका श्रावणात, भर पावसात, शेताच्या बांधावर तवसं हातात आणि चाकू उघडेना. नख मोडलं. तवसं शेवटी दगडावर आपटून खाल्लं. त्याच आठवड्यात दुसरा चाकू बघायला लागलो.

हिगोनोकामीची मूठ म्हणजे दुमडलेला पितळी पत्रा. फुगायला त्यात काही नाहीच. पात्याच्या मागे एक छोटी दांडी बाहेर आलेली असते. ओल्या अंगठ्याने दाबली तरी पातं उघडतं. ढिला झाला तर खिळ्यावर हातोडीचे दोन हलके ठोके. धार लावताना कोन शोधत बसावं लागत नाही, पात्याचा उतार दगडावर सपाट टेकवला की झालं. नाव मात्र फसवं आहे: अर्थ ‘हिगोचा सुभेदार’, हिगो हा प्रांत क्यूशू बेटावरचा आणि चाकू घडतो कोबेजवळच्या मिकी गावात.

खोडी त्याच्यातही आहेत. कडं नाही, की अडकवणारं दुसरं काही नाही. कापताना अंगठा त्या दांडीवरून हलवायचा नाही, एवढाच बंदोबस्त. घामाच्या हाताला पितळेचा वास येतो. मुठीच्या सांदीत खिशातला कचरा बसतो. लिंबाने पातं काळं पडतं, पण ते कार्बनच्या ओपिनेलचंही पडतंच.

तेव्हा चाकू घरात चार हातांत फिरणार असेल, मुलं असतील, किंवा तुमच्याकडची हवा कोरडी असेल, तर ओपिनेलच घ्या आणि बहुतेक स्टेनलेसचा घ्या. दोघांत वाईट कुठलाच नाही. माझा आठ नंबर अजून स्वयंपाकघराच्या खणात आहे. दसऱ्याच्या सुमाराला काढला की एका बोटाने उघडतो, जसं काही झालंच नव्हतं.