हौद्याखालचे गंजलेले चॅनेल: तयार घ्यावेत की बनवून बसवावेत?

पिकअपचा हौदा ज्या आडव्या चॅनेलांवर टेकतो ते सडले, तरी वरून पत्रा धडधाकट दिसतो. खालून स्क्रूड्रायव्हर टोचला की पापुद्रे हातात येतात.

तयार चॅनेल त्या मॉडेलसाठीच साच्यात दाबलेले असतात. उंची, वळण, बोल्टची भोकं, सगळं जागच्या जागी. जुन्यांचे स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रा जोडणारे वेल्डचे ठिपके, ड्रिलने सोडवायचे, नवे लावायचे आणि ड्रिलच्या त्याच भोकांतून वेल्ड भरायचा. पैसे जास्त जातात, मोजमापाची कटकट मात्र वाचते.

चौकोनी पाइप कापून बनवले तर स्वस्त पडतं आणि माल जाडही मिळतो. गोम आहे ती उंचीत. चार-पाच मिलिमीटरचा फरक पडला तरी हौदा तिरका बसतो आणि मागची फळी अडकू लागते. त्यात पाइप पोकळ. टोकं उघडी राहिली की आत चिखल साचतो आणि गंज आतूनच खात येतो. बाहेर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. त्यापेक्षा एका बाजूने उघडा, इंग्रजी C च्या आकाराचा सी-चॅनेल बरा, निदान पाण्याचा फवारा मारून धुता तरी येतो.

मी तयारच घेईन. जुन्या मॉडेलचे मिळत नसतील तरच सी-चॅनेल.

दोन्हींत एकेक करून बदला. सगळे एकदम कापले तर पत्रा लोंबतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि इंधनाची टाकी जवळ असेल तर ती उतरवाच. जिथे पत्र्यावर पत्रा बसतो तिथे गंज रोखणारा झिंक प्रायमर आधीच मारा, नंतर तिथे ब्रश पोचत नाही.