7,100 नाही, 7,101 पाठवा

जानेवारीत आम्ही दोघं मालवणजवळच्या देवबागला जाऊन आलो. दोघांच्या नोकऱ्या, त्यामुळे जोडून तीन दिवस सुट्टी मिळायची मारामार. एक दिवस स्कूबा, एक दिवस पॅरासेलिंग आणि उरलेला वेळ नुसतं लोळायचं, असा बेत होता. लोळणं झालं, स्कूबाही झालं. पण त्याआधी 17,751 रुपये गेले. ते कसे गेले हे लिहिताना लाज वाटते, कारण मी ऑफिसात अकाउंट्सलाच आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढते.

रिसॉर्ट मैत्रिणीने सुचवलेलं. खरंखुरं, चालू असलेलं. मी नकाशाच्या ॲपवर नाव टाकलं, फोटो बघितले आणि तिथे दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. दोन रात्री, नाश्ता, दोघांचं स्कूबा आणि वॉटर स्पोर्ट्स मिळून 14,200, निम्मे आधी. मी विचारलं, जेवणात ताजा बांगडा मिळेल ना? तर म्हणतो, "मॅडम, सब ॲक्टिविटी इन्क्लूडेड है." आम्ही हसलो होतो तेव्हा.

7,100 पाठवले. पाठवताना स्क्रीनवर रिसॉर्टचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. "मालिक के साले का अकाउंट है." तेही पटलं. दोन मिनिटांत त्याचा फोन. पैसे आलेत, पण सिस्टममध्ये अडकलेत, कारण रकमेत बुकिंग कोड हवा होता. तुमचा कोड 1. आता 7,101 पाठवा, आधीचे 7,100 आपोआप परत येतील. आवाजात राग नाही, घाई नाही, उलट मला सांभाळून घेतल्यासारखा सूर. "होता है मॅडम, सबसे होता है."

इथेच मी अडकले. लुबाडणारा माणूस पैसे मागतो, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. हा तर माझेच पैसे मला परत मिळवून द्यायला धडपडत होता, आणि चूक म्हणे माझी! ओशाळून मी 7,101 पाठवले. मग परताव्याची 'फाइल' उघडायला 3,550. तेही पाठवले. लगेच शिक्क्यासकट व्हाउचर आलं आणि 'रिफंड पंधरा दिवसांत' असा मेसेज. नवरा म्हणाला, "एवढे कशाला फिरवतायत पैसे?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं, रिकन्सिलिएशन असतं." हे वाक्य तो मला आता आयुष्यभर ऐकवणार.

कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरलो आणि रिक्षा करून देवबाग गाठलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. बघूनच थकवा गेला. मालकांनी वही उघडली. आमचं नाव नव्हतं. व्हाउचर पुढे केलं तर त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "ताई, ह्या आमचा नाय." त्यांच्या बायकोने कोकम सरबत आणून दिलं. "तुमी पयले नाय हां. नाताळात पण एक कुटुंब असाच इल्ला." त्या ॲपवर कुणालाही पत्ता, नंबर 'दुरुस्त' करायला सुचवता येतो. कुणीतरी यांचा नंबर काढून स्वतःचा घातला होता.

सरबत पिता पिता मी ते व्हाउचर पहिल्यांदा नीट वाचलं. जीएसटी नंबर 08 ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा 27, गोव्याचा 30, 08 म्हणजे राजस्थान. हे मी झोपेतही सांगेन. खाली लिहिलं होतं, 'स्कूबा पॉइंट रिसॉर्टच्या मागे'. मागे तर नदी! स्कूबाच्या होड्या जातात मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांकडे.

तिथूनच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. व्यवहाराचे यूटीआर क्रमांक विचारतात, ते बँकेच्या मेसेजमध्ये सापडतात. "पैसे कधी गेले?" बारा दिवस म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता. तासाभरात कळवलं असतं तर समोरचं खातं गोठवता येण्याची आशा असते, म्हणाले. तक्रार नोंदवली आहे. पैसे आलेले नाहीत.

रिसॉर्ट भरलेलं होतं. मालकांनीच शेजारच्या घरात खोली मिळवून दिली. सरबत देणाऱ्या काकू आता बुकिंग करणाऱ्याला स्वतःहून व्हिडिओ कॉल करतात आणि अंगणातली तुळस, विहीर, मागची नदी दाखवतात. पैसे इथे आल्यावर घेतात. बांगडाही मिळाला, तिखल्यात.

दुसऱ्या दिवशी स्कूबा केलं. माझं अर्धं लक्ष माशांकडे, अर्धं नाकाने श्वास घ्यायचा नाही याकडे. नवरा पाण्याखाली अंगठा दाखवत होता. त्याचा अर्थ तिथे 'मस्त' असा नसून 'मला वर न्या' असा होतो, म्हणून त्याला दोनदा वर आणलं.

परतल्यावर एक दिवस त्याच नंबरवरून मेसेज आला. रिफंड तयार आहे, सोबतचा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं तरी एव्हाना शिकले होते. काल रात्री सहज त्या रिसॉर्टचं पान पुन्हा उघडलं. नंबर बदललाय. मालकांच्या कार्डाशी ताडून बघितला. हाही त्यांचा नाही.