बेळगावात कळसूबाईचा दाब दाखवणारा डायव्ह कॉम्प्युटर

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या पट्ट्यातून डायव्हिंगकडे वळलेल्या आणि डिकम्प्रेशन डायव्हिंगसाठी जुना डायव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली व वेळ मोजून वर येण्याचा हिशेब सांगणारे यंत्र) ओळखीतून किंवा समाजमाध्यमांवरची जाहिरात पाहून घेऊ पाहणाऱ्या सर्वांसाठी मी हा अनुभव लिहीत आहे. या व्यवहारात माझे अठ्ठावन्न हजार रुपये गेले, परंतु मला अधिक गंभीर वाटते ती गोष्ट वेगळी आहे. जे यंत्र मला विकले गेले ते पाण्याची खोली एक दशांशाने कमी दाखवत होते, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होते असे मानण्यास माझ्यापाशी सबळ कारणे आहेत.

आपल्याकडच्या माणसाला समुद्रात उतरायचे तर गोवा, मालवण किंवा मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट गाठावे लागते. साहित्य हातात घेऊन, पारखून विकत घेता येईल असे दुकान मला बेळगावात आढळले नाही, त्यामुळे खरेदी बहुधा फोनवर ठरते आणि वस्तू पार्सलने येते. फसवणाऱ्याचे सगळे याच अंतरावर चालते.

हौशी डायव्हिंगमध्ये साधारण चाळीस मीटरची मर्यादा पाळून, केव्हाही थेट वर येता येईल अशा बेताने उतरतात. डिकम्प्रेशन डायव्हिंगमध्ये तशी मुभा नसते. शरीरात विरघळलेला नायट्रोजन वा हेलियम हळूहळू बाहेर पडावा म्हणून ठरावीक खोलींवर ठरावीक मिनिटे थांबावेच लागते, आणि ते थांबे कुठे व किती हे कॉम्प्युटर सांगतो. स्वित्झर्लंडचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांनी मांडलेल्या गणितात शरीराचे सोळा काल्पनिक कप्पे धरले जातात. त्यांतला सर्वांत जलद कप्पा काही मिनिटांत निम्मा भरतो, तर सर्वांत मंद कप्प्याला त्यासाठी ६३५ मिनिटे लागतात. एरिक बेकर यांनी पुढे आणलेल्या ग्रेडियंट फॅक्टरमुळे त्या गणितात किती सावधगिरी राखायची हे डायव्हरला स्वतः ठरवता येते. मला हवा होता तो कॉम्प्युटर असा, की ज्यात हे फॅक्टर बदलता येतील, पाण्याखाली श्वासाचा वायू बदलता येईल, ट्रायमिक्सचा, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन व हेलियमच्या मिश्रणाचा, हिशेब होईल आणि कुठल्याही दुकानात मिळणारी साधी बॅटरी चालेल. काही हौशी कॉम्प्युटर एखादा थांबा चुकला की हिशेब करणेच थांबवतात आणि पुढचे ४८ तास केवळ खोली व वेळ दाखवतात. ते या कामाचे नव्हेत.

माझ्याकडे असा एक कॉम्प्युटर होता. परंतु थायलंडमधील कोह ताओ बेटावर जो अभ्यासक्रम करण्याचे मी ठरवले होते त्यासाठी दुसरा, म्हणजे पहिला बंद पडल्यास हाताशी असावा असा, आवश्यक होता. नवा घ्यायचा तर आयात शुल्क धरून किंमत लाखाच्या पुढे जाते. अशा वेळी गोव्यात पर्यटकांना डायव्हिंगला नेण्याचे काम करतो असे सांगणाऱ्या एकाने, एका ओळखीच्या माणसाचे नाव घेऊन, मला संपर्क केला. यंत्र वर्षभरापूर्वी घेतलेले आहे, फार थोडे वापरले आहे, खोके व पट्टा मूळचा आहे, असे त्याने सांगितले. स्क्रीन उजळतानाचा व्हिडिओ आणि एका खोल डाइव्हचा आलेखही त्याने पाठवला. मी पावतीविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, चोर्ल्याच्या घाटाखाली मी आणि वर तुम्ही. आपण एकाच भागातली माणसे, फसवून मी जाणार कुठे?" पैसे यूपीआयने दिल्यावर यंत्र खासगी बसच्या पार्सलने बेळगावला आले.

या कॉम्प्युटरमध्ये भोवतालच्या हवेचा दाब मिलिबारमध्ये दाखवणारी एक ओळ असते. रोजच्या वापरात तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि म्हणूनच मी तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब साधारण ९२५ मिलिबार असतो. मी दोन्ही कॉम्प्युटर टेबलावर शेजारीशेजारी ठेवले तेव्हा माझा जुना ९२४ दाखवत होता, फोनमधला दाबमापकही त्याच्याशी जुळत होता, आणि नव्याने आलेला ८३२ दाखवत होता. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर सुमारे इतका दाब असतो. हवामानामुळे दाबात चढउतार होतो, पण तो थोडका. एका दिवसात, एका टेबलावर, दोन यंत्रांत नव्वद मिलिबारचा फरक हवामानाने पडत नाही.

विक्रेत्याला कळवल्यावर त्याचे उत्तर आले की घाटावर असे होतेच, समुद्रावर गेल्यावर यंत्र आपोआप ठिकाणावर येते. हे साफ खोटे होते. मी दोन्ही यंत्रे घेऊन गोव्यात डायव्हिंगची साधने दुरुस्त करणाऱ्या एका जाणकार गृहस्थांकडे गेलो. तेथे, समुद्राच्या पातळीवर, माझा कॉम्प्युटर १०१२ आणि दुसरा ९११ दाखवत होता. त्यांनी दोन्ही यंत्रे पाणी भरलेल्या पारदर्शक दाबपात्रात ठेवून हळूहळू दाब चढवला. पात्राचा मापक वीस मीटरवर आला तेव्हा या यंत्रावर अठरा होते. चाळीसवर आला तेव्हा छत्तीस.

याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण "थोडा फरक चालतो" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पन्नास मीटरवर असलेल्या माणसाला हे यंत्र पंचेचाळीसवर धरणार आणि त्याच्या शरीरात प्रत्यक्षात शिरला त्याहून कमी वायू शिरला असे मानून थांब्यांचा हिशेब करणार. शिवाय वर येताना वायू बदलण्याचा प्रश्न आहेच. पन्नास टक्के ऑक्सिजनचे मिश्रण २१ मीटरवर श्वासात घेतले तर ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, १.५५ बार होतो, आणि १.६ ही त्याची सर्वमान्य कमाल मर्यादा आहे. या यंत्रावर २१ दिसत असताना माणूस खरोखर २३ मीटरच्याही खाली असेल आणि तो दाब १.६७ पर्यंत गेलेला असेल. सहा मीटरवर शुद्ध ऑक्सिजन घेतानाही तेच घडेल. ऑक्सिजनची विषबाधा झाली तर पाण्याखाली झटके येतात, तोंडातले रेग्युलेटर, म्हणजे श्वासाचा वायू पुरवणारे साधन, सुटते आणि माणूस बुडतो.

त्या गृहस्थांनी भिंग लावून मागची बाजू मला दाखवली. दाब मोजणाऱ्या सेन्सरवर जेलचा पातळ थर असतो आणि त्याला काहीही टोचू नये अशी ताकीद माहितीपुस्तिकांत दिलेली असते. येथे बाहेरच्या छिद्रातून टाचणीसारखे काहीतरी आत घातलेले होते. जेलवर ओरखडा स्पष्ट दिसत होता आणि कडेला मिठाचे कण अडकलेले होते. बॅटरीच्या झाकणाच्या आट्यांत हिरवट क्षार होता, पण ओ-रिंग, म्हणजे पाणी आत शिरू न देणारी रबरी कडी, मात्र कोरी करकरीत आणि ग्रीस लावलेली होती. सेन्सर बिघडल्याचे कोणाच्या तरी लक्षात आले होते, त्याने तो साफ करून पाहिला होता, आणि साधले नाही तेव्हा यंत्र बाहेरून सजवले होते.

पुढे मेनूमधला अनुक्रमांक पाहिला तर तो खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळेना. उत्पादक कंपनीला लिहिल्यावर त्यांनी तत्परतेने कळवले की हे यंत्र बऱ्याच वर्षांपूर्वी विकले गेले असून त्यांच्या अधिकृत केंद्रात दुरुस्तीला कधीच आलेले नाही. वर्षभरापूर्वीची खरेदी ही बतावणीच होती. पाठवलेला डाइव्हचा आलेखही या यंत्राचा असल्याचा पुरावा नव्हता, कारण लॉग, म्हणजे यंत्रात साठणारी आधीच्या डाइव्हची नोंद, पुसलेला होता. विक्रेत्याचे स्पष्टीकरण असे की यंत्र नव्यासारखे दिसावे म्हणून त्याने लॉग पुसला. तुम्हाला कोणी असा कोरा लॉग असलेले यंत्र दाखवले तर तेथेच बोलणे थांबवा. आपला लॉग कोणताही डायव्हर सहसा पुसत नाही.

पैसे परत मागितल्यावर प्रथम "आठवडाभर थांबा", मग "बायको आजारी आहे", आणि शेवटी फोन बंद. मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली लेखी अर्ज दिला. अर्जाचा कन्नड मसुदा एका मित्राने करून दिला. हा माणूस अशी यंत्रे नेहमी विकतो हे त्याच्याच संदेशांत असल्यामुळे ग्राहक आयोगाकडेही जात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी गोव्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. फसलेल्या पुष्कळांना ही तरतूद माहीत नसते आणि परप्रांतातला व्यवहार म्हणून ते गप्प बसतात.

जुना कॉम्प्युटर घ्यायचाच असेल तर पैसे देण्यापूर्वी एकाच अखंड व्हिडिओत हवेच्या दाबाची ओळ, मेनूमधला अनुक्रमांक आणि मागच्या बाजूचा सेन्सर दाखवायला सांगा, आणि विक्रेता ज्या गावी आहे तेथील दाबाशी तो आकडा ताडून पाहा. अनुक्रमांक कंपनीला कळवून उत्तर येईपर्यंत थांबा. शक्य असेल तर घाट उतरून जा आणि दाबपात्रात चाचणी झाल्यावरच रक्कम द्या. याला टाळाटाळ करणाऱ्याचे यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

एका परिचिताने मला सुचवले की हे यंत्र कमी खोलीवर जाणाऱ्या एखाद्या नवख्याला विकून निम्मे पैसे वसूल करावेत. मी ते पिशवीत बंद करून, वर दोष लिहून, पुरावा म्हणून ठेवले आहे. त्या विक्रेत्याची जाहिरात मात्र आता दुसऱ्या नावाने पुन्हा दिसू लागली आहे; खोक्याचा फोटो तोच आहे, डाव्या कोपऱ्यात फाटलेला, आणि किंमत यावेळी पंचावन्न हजार लिहिलेली आहे.