घुग्घुसमध्ये एअर प्युरिफायर : वर्षभर वापरून

सासूबाईंना दमा आहे. मागच्या नोव्हेंबरात त्यांच्यासाठी साडेतेरा हजारांचा, हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारी जाड गाळणी), एका खोलीपुरता प्युरिफायर घेतला. घेण्याआधी वाचलेले रिव्ह्यू सगळे दिल्ली-पुण्याच्या फ्लॅटमधले होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या घुग्घुससारख्या कोळसा खाणीच्या गावात हे मशीन किती टिकतं ते कुठेच सापडलं नाही, म्हणून लिहितेय.

हिवाळ्यात त्याने खरंच काम केलं. पहाटे धुक्याबरोबर धूळ खाली बसते आणि रेल्वेच्या सायडिंगवर मालगाडीत कोळसा भरणं चालूच असतं. तेव्हा दार उघडं असलं की पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धुळीचा आकडा १८० च्या वर जायचा, दार-खिडक्या लावून पाऊण तास चालवलं की ४० च्या आत यायचा. (भारतात २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे.) सासूबाईंना पंप रोज दोनदा लागायचा, जानेवारीत आठ-आठ दिवस लागला नाही. मशीन घेतल्याचा पस्तावा म्हणून नाही.

खर्च मात्र फिल्टरचा आहे. बाहेरची जाळी पंधरा दिवसांनी साफ करा, असं पुस्तिकेत लिहिलंय. आमच्याकडे ती तिसऱ्या दिवशी काळी होते. पहिल्यांदा नळाखाली धरली तेव्हा मोरीत शाई सांडल्यासारखं पाणी वाहिलं. आतला हेपा धुता येत नाही. तो आठ महिने चालायला हवा होता, चारच महिन्यांत दिवा लाल झाला. नवा २२०० रुपयांना पडला. ही धूळ अंगणातल्या तुळशीच्या पानावरही असते, बोट फिरवलं की काळं. नणंदेचं शेत कोळशाच्या ट्रकच्या रस्त्याला लागून आहे. तिच्या कापसावर हीच धूळ बसते आणि व्यापारी माल काळा म्हणून भाव पाडतो. कापसाला कुठला फिल्टर लावणार?

उन्हाळ्यात तर मशीन पडूनच असतं, आणि हे दुकानदार सांगत नाही. प्युरिफायरला खिडक्या बंद लागतात, कूलरला उघड्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो, कूलरशिवाय माणूस राहूच शकत नाही. कूलर बाहेरची हवा ओढतो, धुळीसकट. आठवड्याने टाकी उपसली की तळाशी काळा गाळ असतो. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांची गोष्ट वेगळी.

बदली होऊन इकडे येणाऱ्यांनी दिवाळीआधी घ्या, सोबत एक जादा फिल्टर घ्या, झोपायच्या खोलीत ठेवा. जाळी घरात झटकू नका, मागच्या अंगणात तोंडाला फडकं बांधून धुवा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली चंद्रपूरला ८३.८८ प्रदूषण निर्देशांक दिला होता. ७० च्या वर म्हणजे अतिप्रदूषित. त्या साली माझा मुलगा पाळण्यात होता, आता बारावीला आहे. ट्रकवर ताडपत्री नीट बांधली, फक्त मेन रोडवर नाही तर वस्तीतल्या रस्त्यावरही पाण्याचा टँकर फिरवला, तरी आमचा फिल्टर दुप्पट टिकेल. तो खर्च आम्ही का करायचा?

जुना हेपा मी फेकलेला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर तारखा लिहून ठेवलाय. पुढच्या खाणविस्ताराची जनसुनावणी लागली की टेबलावर नेऊन ठेवणार आहे.