शब्दकोश ॲप: उच्चार चोख, अर्थ कच्चे (तीन तारे)

मी बांधकामावर देखरेख करते आणि रात्री इंग्रजी कादंबऱ्या वाचते, त्यामुळे हे इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं ॲप सारखं उघडलं जातं. शब्द पटकन सापडतो, इंटरनेट नसलं तरी चालतं, जाहिरातींचा त्रास नाही. एवढ्यासाठी जरूर घ्यावं. पण शब्दकोश जोखायचा तर अडचणीचा शब्द घेऊनच. मी ‘अप्लॉम’ (aplomb) घेतला.

उच्चार बरोबर ऐकवतात: जोर दुसऱ्या अक्षरावर, शेवटचा ‘बी’ मूक. (इंग्रजीत ‘प्लंबर’मधलाही मूकच असतो, आपण मात्र तो ठणकावून म्हणतो.) अर्थ तीन दिलेत: आत्मविश्वास, धैर्य, रुबाब. रुबाब आधी काढून टाका. रुबाब दुसऱ्यावर पडावा लागतो. अप्लॉम असलेल्या माणसाला त्याची फिकीरच नसते. धैर्य म्हटलं की समोर संकट आलं. आत्मविश्वास त्यातल्या त्यात जवळचा, पण तो घरी बसूनही असू शकतो. अप्लॉम दिसतो ऐन प्रसंगात. भर सभेत कुणी खोचक प्रश्न टाकला आणि वक्त्याने आवाज न चढवता, न अडखळता उत्तर देऊन पुढचा मुद्दा घेतला, तर तिथे हा शब्द शोभतो. म्हणूनच इंग्रजीत तो बहुधा ‘विथ’चा हात धरून येतो: अमुक गोष्ट ‘विथ अप्लॉम’ केली. ॲपमधलं उदाहरण काय, तर ‘तिच्याकडे अप्लॉम आहे’. यावरून शिकणाऱ्याला काय डोंबल कळणार?

आणि व्युत्पत्तीचा रकाना चक्क कोरा! फ्रेंच ‘आ प्लों’ म्हणजे ओळंब्यात, अगदी उभ्या रेषेत. मुळाशी लॅटिन ‘प्लुम्बुम’, म्हणजे शिसं. शिशाची ‘पीबी’ ही रासायनिक खूणही त्यातूनच आली. ओळंब्याच्या दोरीला पूर्वी शिशाचं वजन बांधत. भिंतीच्या सरळपणावरून शब्द माणसाच्या मनाच्या तोलावर गेला आणि 19व्या शतकात इंग्रजीत रुळला. बॅलेत तर अजूनही नर्तकाच्या तोल सांभाळण्याला अप्लॉम म्हणतात. हे एका ओळीत दिलं असतं, तर रुबाब तिथे घुसलाच नसता. मराठीत एकच नाम शोधत बसण्यापेक्षा ‘जराही न डगमगता’ असं क्रियाविशेषण द्यावं. बहुतेक वाक्यांत ते चपखल बसेल.

ॲपमधल्या ‘चूक कळवा’ बटणावरून हे सगळं पाठवलंय. दुरुस्त केलंत तर चौथा तारा देते. आणि हो, समानार्थी शब्दांत ‘पॉइज’च्या (मनाचा तोल) शेजारी ‘ॲरोगन्स’ (उद्धटपणा) बसवलाय, तोही उठवा.