फेज मॉनिटरिंग रिले: काही महिन्यांच्या वापरानंतर

तीन फेजच्या पंप मोटरच्या पॅनेलमध्ये बसवलेला हा फेज मॉनिटरिंग रिले, म्हणजे तिन्ही फेजच्या व्होल्टेजवर लक्ष ठेवून बिघाड दिसताच मोटर बंद करणारे उपकरण, गेले कित्येक महिने अखंड वापरात आहे, आणि या काळात एक गोष्ट पक्की झाली: असा रिले घेताना तो व्होल्टेजचा असमतोल (तीन फेजच्या व्होल्टेजमधील तफावत) मोजतो की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. मोटर बंद असताना फेज गेली तर साधा रिलेही ते ओळखतो. चालत्या मोटरची गोष्ट मात्र वेगळी असते, कारण एक फेज तुटली तरी फिरता रोटर त्या फेजच्या वाइंडिंगमध्ये व्होल्टेज निर्माण करत राहतो आणि फेज शाबूत असल्याचा भास होतो.

हे पडताळण्यासाठी मोटर हलक्या भारावर चालू ठेवून एका फेजचा स्वतंत्र एमसीबी (वीज तोडणारा सुरक्षा स्विच) बंद केला. रिले ट्रिप होण्याआधीच्या, म्हणजे त्याने मोटर बंद करण्याआधीच्या, काही सेकंदांत पडद्यावर फेज-फेजमधील व्होल्टेज ४१३, ३७२ आणि ३६५ असे दिसले. कमी व्होल्टेजची मर्यादा नेहमीच्या ४१५ व्होल्टच्या खाली १५ टक्के, म्हणजे सुमारे ३५३ व्होल्टवर होती, त्यामुळे त्या निकषावर रिले गप्पच राहिला असता. सरासरी ३८३ धरली तर तिच्यापासूनचा सर्वाधिक फरक ३० व्होल्टच्या आसपास, म्हणजे असमतोल पावणेआठ टक्के भरतो. मर्यादा ५ टक्क्यांवर ठेवली होती म्हणून मोटर थांबली. १० टक्क्यांवर ती तशीच चालत राहिली असती आणि भार वाढताच उरलेल्या दोन फेजमधील करंट नेहमीच्या सुमारे १.७३ पटीपर्यंत गेला असता.

टाइम डिले, म्हणजे बिघाड दिसल्यावर ट्रिप होण्याआधी रिले थांबतो तो वेळ, ३ सेकंद ठेवल्यापासून मोटर सुरू होतानाच्या व्होल्टेज घसरणीमुळे विनाकारण ट्रिपिंग झालेले नाही. केबलच्या कामानंतर दोन फेजची अदलाबदल झाली, तेव्हा फेजचा क्रम उलटा असल्याचे दाखवून रिलेने मोटर सुरूच होऊ दिली नाही. हे फार समाधानाचे वाटले.

एक मर्यादा मात्र खरेदीपूर्वीच समजून घ्यावी. रिले कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) आधीचे व्होल्टेज पाहतो, त्यामुळे कॉन्टॅक्टरचा एखादा पोल (एका फेजचा संपर्क) जळाला किंवा मोटरकडे जाणारी वायर तुटली तर त्याला काहीच कळत नाही. त्यासाठी प्रत्येक फेजचा करंट मोजणारे संरक्षण वेगळे लागते, आणि आमच्या पॅनेलमध्ये ते आता बसवत आहोत.