ओढ्यातल्या लोहाचे तैलरंग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने अमेरिकेहून येताना गॅम्ब्लिन कंपनीचा तीन तैलरंगांचा संच आणला. ब्राऊन ओकर, रस्ट रेड आणि आयर्न व्हायोलेट अशा ३७ मिलिलिटरच्या त्या ट्यूब होत्या. ओहायो राज्यातील बंद कोळसा खाणींतून पाझरणाऱ्या पाण्यातील लोहापासून हे रंग बनवलेले आहेत.

अशा खाणींत पाणी आणि हवा शिरली की पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजापासून आम्ल तयार होते आणि लोह पाण्यात विरघळते. पुढे तेच लोह ओढ्याच्या तळाशी नारिंगी गाळ होऊन बसते आणि मासे नाहीसे होतात. ओहायो विद्यापीठातील अभियंते गाय रीफ्लर आणि चित्रकार जॉन सॅब्रॉ यांनी हे लोह वेगळे काढून, धुवून, वाळवून भट्टीत तापवण्याची रीत बसवली. ताप वाढेल तसा पिवळा रंग तांबडा होतो आणि त्याहून अधिक तापला की जांभळट. पिवळी माती भाजली की तिची काव होते, त्यातलाच हा प्रकार.

संभाजीनगरजवळ राहून मी प्रामुख्याने निसर्गचित्रे रंगवतो, त्यामुळे हे रंग मी दौलताबादच्या डोंगरावर आणि ज्वारी काढून झालेल्या रानांवर पारखले. ब्राऊन ओकरमध्ये पांढरा मिसळला की वाळल्या धसकटांचा रंग जवळजवळ आपोआप मिळतो. रस्ट रेड चांगला झाकतो, मात्र पातळ थरात थोडा निस्तेज वाटतो. आयर्न व्हायोलेट हा मला लाभलेला खरा ठेवा आहे. उन्हाळ्यात नांगरलेल्या काळ्या रानाच्या सावलीत जी जांभळट झाक असते, ती मी आजवर तांबडा, निळा आणि काळा मिसळून शोधत होतो आणि दरवेळी ती मळकट होत असे. या एकाच रंगात थोडा पांढरा घातला की ती मिळते. तो फार जोरकस आहे, म्हणून चाकूच्या टोकावर मावेल इतकाच घ्यावा.

दक्षिणेकडील खिडकीशेजारी टांगलेल्या चित्राचा रंग आठ महिन्यांत तसूभरही उतरलेला नाही. लोहाचे रंग टिकाऊच असतात; अजिंठ्याच्या भिंतींवरील तांबडा आणि पिवळा रंगही लोहयुक्त मातीचाच आहे. तक्रार एकच, आणि तीही वाहतुकीची : एका ट्यूबचे टोपण प्रवासात सैल होऊन तोंडाशी रंग घट्ट झाला होता.

आपल्या खाम नदीतूनही असा रंग निघेल का, असे मला विद्यार्थी विचारतात. खामचे पाणी काळे होते ते मुख्यतः शहराच्या सांडपाण्यामुळे, आणि त्यात रंगासाठी गोळा करावे असे लोह नाही. तिथे सांडपाणी शुद्ध करणे हाच उपाय आहे. ओहायोत घाण हाच कच्चा माल आहे, म्हणून तिथे हे साधले. आयर्न व्हायोलेटची ट्यूब आता अर्ध्यावर आली आहे; उरलेला रंग मी पुढच्या वैशाखातील नांगरटीसाठी राखून ठेवला आहे.